पहिली वीस मिनिटे गावाची

शेतात सीतादहीची पूजा झाली, कापूस वेचणीला बाया लागल्या, की वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांची घरे आतून बदलू लागतात. बाहेरच्या खोलीतली खाट भिंतीला सरकते आणि मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात कापसाचा ढीग चढू लागतो. मनासारखा भाव येईपर्यंत तो तिथून हलत नाही. कधी संक्रांतीपर्यंत, कधी होळीपर्यंत. अंगणाच्या कडेला सोयाबीनचे कुटार, सांदवाडीत पऱ्हाट्यांची आणि तुराट्यांची रास, कोठ्यात बैलजोडी. याच दिवसांत दिवाळी येते. उंबरठ्यावर पणत्या, दारात फटाके, आकाशकंदिलासाठी खिडकीतून ओढलेली वायर. वर्षाची कमाई आणि वर्षातला सर्वांत जास्त विस्तव एकाच छपराखाली येण्याचा हा काळ.

गिरड हे या मुलखातले नावाजलेले गाव. वर्ध्याच्या आग्नेयेला साठेक किलोमीटरवर, ख्वाजा शेख फरीद यांच्या टेकडीवरच्या दर्ग्यामुळे विदर्भभरच्या हिंदू-मुसलमानांच्या जाण्यायेण्याचे. गावात पोलीस ठाणे आहे, शाळा आहेत, बाजार आहे. पण कारभार नगरपरिषदेचा नाही, ग्रामपंचायतीचा आहे, आणि आगीच्या बाबतीत या एका गोष्टीने फार मोठा फरक पडतो. अशा गावात रात्री घर पेटले तर कायदा कुणाला जबाबदार धरतो, बंब कुठून आणि किती वेळात येतो, झोपलेल्या माणसांना जागे कोण करते? या तीन प्रश्नांची उत्तरे गिरडच्याच नव्हे, महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावकऱ्याला माहीत असली पाहिजेत. म्हणून हा लेख.

कायदा काय सांगतो

आगीविषयी महाराष्ट्राचा मुख्य कायदा म्हणजे ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’. तो ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला आणि त्याचे नियम २००९ साली आले. या कायद्याचा कणा त्याच्या कलम ३ मध्ये आहे. इमारतीत आगीपासून बचावाची साधने बसवणे आणि ती कायम चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, असे ते स्पष्ट सांगते. ही साधने परवानाधारक संस्थेकडूनच बसवून घ्यायची. पुढे दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन महिन्यांत, ती सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे सादर करायचे. इमारत धोकादायक आढळली तर ती रिकामी करायला लावण्याचे, तिचा पाणी-वीज पुरवठा तोडण्याचे अधिकार कायद्याने दिले आहेत. कायदा मोडणाऱ्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

कोणत्या इमारतीत काय असले पाहिजे, याचा तक्ता कायद्याच्या अनुसूचीत आहे आणि त्याचा पाया राष्ट्रीय इमारत संहितेत आहे. २०१६ च्या संहितेचा चौथा भाग पूर्णपणे आग आणि जीवसुरक्षा या विषयाला दिलेला आहे. इमारत किती उंच, कशासाठी वापरली जाते आणि तिचे क्षेत्रफळ किती, यावर सगळे ठरते. १५ मीटर किंवा त्याहून उंच ती ‘उंच इमारत’. तिचे नियम कडक. रुग्णालये, शाळा, हॉटेले, सिनेमागृहे, गोदामे यांचे नियम वेगवेगळे. कुठे नुसते अग्निशामक नळकांडे पुरते, कुठे पाण्याचे नळ-हायड्रंट, छतातले स्प्रिंकलर आणि आपोआप वाजणारी घंटा लागते.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. एका कुटुंबाच्या साध्या, स्वतंत्र घरात स्मोक अलार्म, म्हणजे धूर ओळखून वाजणारी घंटा, लावलीच पाहिजे अशी सक्ती महाराष्ट्रात नाही. गिरडमधल्या कवेलूच्या घराला नाही, वर्ध्यातल्या बंगल्याला नाही, नागपूरच्या रो-हाऊसलाही नाही. आपण जिथे झोपतो, जिथे आपली लेकरे आणि म्हातारी माणसे झोपतात, त्या जागेची राखण कायद्याने आपल्यावरच सोपवली आहे.

कायदा असूनही तो पाळला गेला नाही तर काय होते, ते विदर्भाने जवळून पाहिले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. कक्षात १७ बाळे होती. सात वाचवता आली, दहा गेली. धूर सर्वांत आधी लक्षात आला तो रात्रपाळीच्या परिचारिकेच्या. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या रुग्णालयातील अतिदक्षता विभागात, आणि ६ नोव्हेंबरला, म्हणजे ऐन दिवाळीत, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात माणसे आगीत गेली. यांतल्या प्रत्येक इमारतीला २००६ चा कायदा लागू होता. कागदावरचे कलम आणि भिंतीवरची चालू घंटा यांत केवढे अंतर असू शकते, हे त्या वर्षाने महाराष्ट्राला दाखवले.

दोन अनुसूचींमधले अंतर

शहर आणि खेडे यांच्या आगीत राज्यघटनेनेच एक रेघ ओढलेली आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना आणि नगरपालिकांना कामांच्या याद्या दिल्या. नगरपालिकांची यादी बाराव्या अनुसूचीत आहे; तिच्यात १८ विषय आहेत आणि सातवा विषय आहे अग्निशमन सेवा. पंचायतींची यादी अकराव्या अनुसूचीत आहे. तिच्यात २९ विषय आहेत. शेती, पिण्याचे पाणी, रस्ते, ग्रामीण विद्युतीकरण, मच्छीमारी, वाचनालयेसुद्धा आहेत. अग्निशमन नाही.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत आगीचा उल्लेख आहे, पण तो वाचण्यासारखा आहे. आग लागल्यास ती विझवण्यास आणि जीवित व मालमत्तेचे रक्षण करण्यास साहाय्य करणे, एवढे काम ग्रामपंचायतीकडे दिले आहे. साहाय्य करायचे ते कुणाला? बंब असणाऱ्याला. आणि बंब असतो नगरपरिषदेकडे किंवा औद्योगिक वसाहतीकडे. त्यामुळे समुद्रपूर तालुक्यातल्या खेड्यात आग लागली की फोन जातो तो हिंगणघाटसारख्या शहराकडे. तिथली गाडी आणि माणसे त्या शहरासाठी नेमलेली असतात. ती आपली हद्द ओलांडून खेड्यात धावून येतात, हा त्यांचा मोठेपणा आहे. गावासाठी नेमलेली व्यवस्था मात्र तिला म्हणता येत नाही.

केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेने ग्रामीण भागात पहिली गाडी पोहोचण्यासाठी २० मिनिटांचा मापदंड सांगितलेला आहे. तो साधायचा तर गाडी जवळच उभी हवी. खेड्यातल्या रस्त्यावर पाण्याने भरलेली गाडी ताशी ४० किलोमीटरने आली असे धरले तरी ३० किलोमीटरला पाऊण तास लागतो. त्यात फोन लागण्याचा, गाडी निघण्याचा आणि गल्लीत वळण्याचा वेळ धरलेला नाही. २०२३ साली केंद्र सरकारने राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिच्यातून गाड्या येतील, केंद्रे वाढतील. ती वाढली पाहिजेत, आणि त्यासाठी लोकप्रतिनिधींच्या मागे लागले पाहिजे. पण गावापासून कितीही जवळ केंद्र झाले तरी पहिली वीस मिनिटे गावाचीच राहणार आहेत.

कापसाची आग

ती वीस मिनिटे कशी असतात, हे नीट समजून घ्यायला हवे.

कापसाला आग लागली की ती भडकेलच असे नाही. बोर्डातून उडालेली ठिणगी, बिडीचे थोटूक किंवा रॉकेटची जळती काडी ढिगात पडली तर ती आत शिरते. वरचा कापूस पांढराच दिसतो. आत, हवा थोडी आणि तंतू भरपूर अशा जागी, निखारा हळूहळू सरकत राहतो. जिनिंगमधल्या जुन्या कामगारांना ही खोड चांगली ठाऊक असते. गासडी वरून विझलेली दिसली तरी तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी, ती पुन्हा पेटते. म्हणून पेटलेल्या कापसावर वरून पाणी मारून भागत नाही. ढीग मोकळ्या जागी ओढायचा, फोडायचा, आतपर्यंत भिजवायचा आणि रात्रभर त्यावर नजर ठेवायची.

धुमसणाऱ्या ढिगातून धुराबरोबर कार्बन मोनॉक्साईड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेला माणूस जागा होण्याऐवजी आणखी खोल झोपेत जातो. घरगुती आगीत माणसे भाजून जातात अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ज्वाळा अंगापर्यंत पोहोचण्याआधी धुरानेच गेलेल्यांची संख्या मोठी असते. दुसरी समजूत अशी की जळण्याचा वास आला की जाग येईल. गाढ झोपेत नाक जागे राहत नाही, कान राहतो. म्हणून वास घेऊन आवाज करणारे यंत्र लागते.

ढिगातली आग एकदा ज्वाळेवर आली की वेळ झपाट्याने संपतो. फोमची गादी, नायलॉनच्या साड्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, कापडी पडदे असे सामान असलेल्या बंद खोलीत, पहिली ज्वाळा दिसल्यापासून अवघ्या काही मिनिटांत सगळी खोली एकदम पेट घेऊ शकते. त्यानंतर त्या खोलीतून कुणी बाहेर येत नाही. बंबाच्या वीस मिनिटांशी आगीच्या या काही मिनिटांची गाठ घालून पाहिली की कळते, जीव वाचायचा असेल तर तो घरातल्या घरातच, वेळेवर जाग येऊन, वाचला पाहिजे.

बाकीच्या जगाने काय केले

ही गोष्ट ओळखून अनेक देशांनी राहत्या घरासाठी कायदे केले. जपानने २००४ साली आपल्या अग्निशमन कायद्यात दुरुस्ती केली. जून २००६ पासून नव्या घरांना आणि २०११ पर्यंत जुन्या घरांनाही झोपायच्या खोल्यांत अलार्म बंधनकारक झाला. न लावणाऱ्याला दंड मात्र ठेवला नाही. गल्लोगल्लीच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकांनी घरोघर जाऊन सांगण्यावर भर दिला. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून भाड्याच्या घराच्या प्रत्येक मजल्यावर स्मोक अलार्म लावणे घरमालकावर बंधनकारक आहे. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसे गेली. त्यानंतर स्कॉटलंडने प्रत्येक घरात एकमेकांना जोडलेले अलार्म हवेत असा नियम केला. तो १ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. एक वाजला की घरातले सगळे वाजतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने हीच अट सर्व घरांना १ जानेवारी २०२७ पर्यंतची मुदत देऊन घातली.

अमेरिकेत हे काम राज्याराज्यांच्या कायद्यांतून आणि स्थानिक बांधकाम नियमांतून झाले. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना त्याची सवय असते: मिरचीची फोडणी जरा करपली की छतावरचे यंत्र ओरडते आणि पोरे खिडक्या उघडायला धावतात. त्याचा वैताग येतो, पण बॅटरी काढून ठेवून चालत नाही. तिथल्या अनेक वर्षांच्या नोंदी सांगतात की चालू अलार्म असलेल्या घरात आगीने मरण्याचा धोका, अलार्म नसलेल्या किंवा बंद पडलेल्या घरांच्या तुलनेत, निम्म्याहूनही कमी असतो. बाकी कोणत्याही एका स्वस्त साधनाने एवढा फरक पडत नाही.

माणसांची बाजूही पाहू. जपानमध्ये सात-आठ लाख नागरिक आपापला धंदा सांभाळून गावच्या अग्निशमन पथकात आहेत. जर्मनीच्या खेड्यांत तर आग विझवण्याचे काम जवळजवळ सगळेच स्वयंसेवकांकडे आहे. गावाने गाव राखायचे ही कल्पना आपल्यालाही परकी नाही. खेड्यात आग लागली की आजही बादल्या घेऊन माणसे धावतात. त्या धावण्याला थोडी शिकवण आणि थोडी साधने मिळाली पाहिजेत, एवढेच.

अलार्म कसा आणि कुठे

घरगुती स्मोक अलार्म ही बशीएवढी गोल डबी असते. आत एक काळोखी पोकळी, एका बाजूला प्रकाशाचा बारीक झोत आणि त्या झोताच्या वाटेबाहेर बसवलेला प्रकाशसंवेदक. हवा स्वच्छ असते तोवर झोत संवेदकावर पडत नाही. धूर शिरला की त्याच्या कणांवर आपटून प्रकाश विखुरतो, संवेदकाला तो दिसतो आणि घंटा वाजते. हा झाला ‘फोटोइलेक्ट्रिक’ प्रकार. दुसऱ्या, ‘आयोनायझेशन’ प्रकारात किरणोत्सारी अमेरिशियमचा अगदी सूक्ष्म अंश असतो. तो ज्वाळेच्या आगीला लवकर ओळखतो, पण धुमसणाऱ्या आगीला उशिरा. कापूस, गाद्या आणि गोधड्या असलेल्या आपल्या घरांसाठी फोटोइलेक्ट्रिकच घ्यावा.

वायरिंग लागत नाही. बॅटरीवर चालणारे, एकटे लावायचे अलार्म हजार रुपयांच्या आसपास मिळू लागतात. घेताना दर्जाचे प्रमाणन आणि बनवल्याची तारीख पाहावी. दहा वर्षांनी अलार्म बदलायचा असतो, बॅटरी चांगली असली तरीही. मधले बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचे. पगाराचा किंवा दुधाच्या हिशेबाचा दिवस त्यासाठी धरला की विसर पडत नाही. धूळ आणि जाळी कोरड्या फडक्याने पुसायची.

घराच्या रचनेप्रमाणे जागा ठरते. पहिला मान झोपायच्या खोलीचा. कापूस त्याच खोलीत असेल तर तिथे अलार्म हवाच. शेजारच्या खोलीत असेल तर दोन्हीकडे लावावा. स्लॅबचे घर असेल तर छताच्या मधोमध लावावा. टिनाच्या छपराचे असेल तर थेट टिनाला चिकटवू नये: उन्हाळ्यात टिन तापला की छताखाली गरम हवेचा थर साचतो आणि धूर त्याखालीच अडतो. अलार्म वाशाला किंवा लाकडी पट्टीला, छपरापासून थोडा खाली लावावा, आणि डबीवर छापलेली तापमानाची मर्यादा पाहून घ्यावी. कवेलूच्या फटींतून धूर निघून जातो, म्हणून तिथे तो झोपायच्या जागेच्या वर आणि कापसाच्या जवळ असावा. चुलीच्या खोलीत स्मोक अलार्म लावू नये. रोज वाजला की कुणीतरी वैतागून बॅटरी काढते आणि सगळेच मुसळ केरात जाते. स्वयंपाकघरासाठी धुराऐवजी उष्णता ओळखणारा हीट अलार्म मिळतो.

अलार्म जागे करतो, वाचवायचे आपल्यालाच. म्हणून वाजल्यावर काय करायचे ते घरात आधी ठरलेले असावे. म्हाताऱ्या आजीचा हात कुणी धरायचा, लहान लेकरू कुणी उचलायचे, मागच्या दाराची कडी कुणी काढायची, सगळ्यांनी जमायचे कुठे. धूर असेल तर वाकून, रांगत निघायचे. जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते. एकदा बाहेर पडल्यावर पैशासाठी, कागदपत्रांसाठी, कापसासाठी परत आत जायचे नाही. अंगावरचे कपडे पेटले तर पळायचे नाही; जमिनीवर पडून लोळायचे. भाजले तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी, आणि मग दवाखाना. हळद, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावायचे नाही.

गॅस, वीज आणि फटाके

आग लागूच नये, यासाठीची कामे बहुतेक फुकटची आहेत. गॅसची नळी आयएसआय छापाची केशरी ‘सुरक्षा’ नळीच हवी आणि ती पाच वर्षांनी बदलायची. सिलिंडरच्या कड्यावर अक्षर आणि दोन आकडे असतात: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, मग बी, सी आणि डी, आणि पुढे वर्ष. ती तारीख उलटलेला सिलिंडर घेऊ नये. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. वास आला तर दिव्याचे बटण चालूही करायचे नाही आणि बंदही करायचे नाही. दारे-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करायचा. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नये. झाकण ठेवावे आणि गॅस बंद करावा.

विजेच्या बाबतीत बोर्डाजवळ कापूस नको, ही पहिली गोष्ट. उंदरांनी कुरतडलेली वायर ढिगाखाली दडलेली असते. वेचणीआधी गावच्या वायरमनकडून घराची तपासणी करून घ्यावी, एमसीबी आणि ईएलसीबी बसवून घ्यावे, फ्यूजमध्ये जाड तार घालण्याची सवय मोडावी. वायर तुटून पडली, खांबावर ठिणग्या दिसल्या तर १९१२ वर कळवावे.

फटाक्यांविषयी वेगळे कठोर नियम आहेत. स्फोटके नियम, २००८ प्रमाणे तात्पुरती दुकाने न पेटणाऱ्या साहित्याची, एकमेकांपासून किमान तीन मीटर लांब आणि समोरासमोर तोंड नसलेली हवीत. आत तेलाचे दिवे चालत नाहीत. २९ ऑक्टोबर २०१६ ला, ऐन दिवाळीत, तेव्हाच्या औरंगाबादेतल्या फटाका बाजारात शंभराहून अधिक दुकाने बघता बघता राख झाली. गावच्या दुकानदाराकडे परवाना आहे का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे. आणि अंगणात गंजी असेल तर रॉकेट उडवायला शाळेचे मैदान गाठावे. गंजी आणि कोठा यांपासून जेवढे लांब तेवढे बरे.

आगीनंतरचा कागद

आग विझल्यावर दुसरी लढाई कागदांची. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत आग ही आपत्ती धरलेली आहे. म्हणून तलाठ्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा, आणि राख उपसण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात पूर्ण नष्ट झालेल्या घराला १,२०,००० रुपये, झोपडीला ८,०००, घराला लागून असलेल्या कोठ्याला ३,०००, दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० आणि बैलाला ३२,००० रुपये अशी मदत धरली होती. कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी प्रत्येक कुटुंबाला अडीच-अडीच हजार. घरात साठवलेल्या कापसाच्या किमतीपुढे ही रक्कम किती तोकडी आहे, हे कुणी सांगायला नको.

पीक विम्यावर विसंबून राहू नये. कापणीनंतरच्या नुकसानीचे संरक्षण त्यात असलेच, तरी ते शेतात पसरून ठेवलेल्या पिकाला, १४ दिवसांपुरते आणि गारपीट, चक्रीवादळ, अवकाळी पाऊस अशा कारणांसाठी असते. घरातल्या ढिगाला ते लागू होत नाही. घरासाठी मात्र १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच धर्तीची पॉलिसी मिळते; तिच्यात आग येते. गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी ग्राहकांचा सामुदायिक विमा काढलेला असतो. त्यासाठी वितरकाला लेखी कळवावे लागते. अपघातानंतर ते कुणी सुचवत नाही म्हणून तो हक्क बुडतो.

ग्रामसभेपुढे ठेवण्याचा ठराव

राज्याच्या कायद्याने घरातल्या अलार्मची सक्ती केली नाही, म्हणून गाव हात बांधून बसलेले नाही. ग्रामसभा हा गावाचा स्वतःचा अधिकार आहे, आणि पुढची मोठी ग्रामसभा २६ जानेवारीची. तेव्हा कापूस घरातच असतो. तिच्यापुढे पाच गोष्टींचा एक ठराव ठेवता येईल.

पहिली, ग्रामपंचायत विकास आराखड्यात आगीसाठी स्वतंत्र तरतूद: अंगणवाडी, शाळा, ग्रामपंचायत आणि समाजमंदिर इथे अग्निशामक नळकांडी आणि अलार्म. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुले गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली देशातल्या प्रत्येक शाळेला अग्निसुरक्षा बंधनकारक केली. त्या निकालाची गावच्या शाळेत अंमलबजावणी झाली का, हे ग्रामसभेने विचारावे.

दुसरी, घरांसाठी अलार्मची एकत्र खरेदी. शंभर घरांनी मिळून घेतले तर भाव उतरतो, आणि बचत गटांना हे काम चांगले जमते. निराधार, एकट्या वृद्धांच्या आणि अपंगांच्या घरांचे पैसे गावाने भरावेत.

तिसरी, पाण्याची यादी. कुणाच्या ट्रॅक्टरला टँकर आहे, कुणाच्या विहिरीवर इंजिन आहे, कुणाकडे लांब पाइप आहे, हे फोन नंबरांसह ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावे. स्वच्छ धुतलेले फवारणीचे पंपसुद्धा पहिल्या पाच मिनिटांत कामी येतात. त्याच भिंतीवर १०१, ११२, १९०६, १९१२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ ठळक रंगवावा.

चौथी, वीस-पंचवीस तरुण-तरुणींचे पथक. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात; ‘आपदा मित्र’ प्रशिक्षणासाठी त्यांच्याकडे लेखी मागणी करता येते. देशभरच्या अग्निशमन अधिकाऱ्यांना घडवणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरात आहे, म्हणजे गिरडच्या शेजारच्याच जिल्ह्यात. एवढे मोठे शिक्षणकेंद्र इतके जवळ असताना आपल्या गावांत कुणालाही नळकांडे चालवता येऊ नये, ही स्थिती बदलता येण्यासारखी आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशमन जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आपल्याच वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ ला लागलेल्या आगीतही विझवायला धावलेले अनेक जवान गेले. त्यांची आठवण ठेवायची तर गावाने त्या सप्ताहात एक दिवस सराव करावा.

पाचवी, कापसाचा नियम. झोपायच्या खोलीत ढीग असेल तर अलार्म हवाच. ढीग आणि बोर्ड यांच्यात किमान हाताएवढे अंतर. आणि ढिगाच्या खोलीत बिडी, अगरबत्ती, मच्छर अगरबत्ती, पणती यांपैकी काहीही नको. दंड ठेवायची गरज नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला विचारायचे, तुमच्याकडे लावला का? जपानने तसेच केले.

वाचकांनो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळीची खरेदी चालू असेल. त्या यादीत एक स्मोक अलार्म घाला, लक्ष्मीपूजनाच्या आधी तो झोपायच्या खोलीत लावा, बटण दाबून वाजवून पाहा. मग शेजारच्या घरी जाऊन त्यांनाही सांगा. सरकारने खेड्यांसाठी अग्निशमन केंद्रे उभारावीत आणि राहत्या घराच्या अलार्मचा कायदा करावा, ही मागणी आपण लावून धरूच. पण आपल्या घरात आज रात्री झोपणाऱ्यांसाठी आपण त्या कायद्याची वाट पाहू नये.